दिवाळसणाच्या वाटीतलं तेल

माझ्या सासऱ्यांच्या गाडीचा अँटेना मी बिघडवला. घरात ही गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे आणि दर दिवाळीला तिच्यावर एकदा तरी हसून होतं. मीही हसतो. पण हसताना दरवेळी मला एक कप चहा आठवतो, आणि त्या चहाबद्दल मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. माझं लग्न वैशाखात झालं होतं. मी डोंबिवलीला राहायचो आणि तिथल्याच औद्योगिक वसाहतीत, पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात देखभालीच्या विभागात होतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला. माझं कामच मुळी वंगणाचं होतं. कोणत्या मशीनला कोणतं तेल, किती दिवसांनी, किती थेंब, कुठे ग्रीस आणि कुठे काहीच नाही, याचे तक्ते मी करायचो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्या त्या मशीनला टांगायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं असं कुणाला वाटायला नको.

सासरे ठाण्याला, नौपाड्यात राहायचे, एका तीन मजली सोसायटीत. बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीचे सेक्रेटरी, शिस्तीचे. मी त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान, तरी ते मला ‘अहो जावईबापू’ म्हणायचे आणि मी खोलीत शिरलो की बसल्या जागी थोडे सरळ व्हायचे. त्या सरळ होण्याची मला भीतीही वाटायची आणि सवयही लागली होती.

त्यांच्याकडे जुनी, सायीच्या रंगाची गाडी होती. निवृत्तीनंतर घेतलेली, दुसऱ्या हाताची. तिच्यात रेडिओ होता आणि रेडिओसाठी हाताने ओढून काढायचा अँटेना. तो कुणीतरी येता-जाता वाकवून ठेवायचं. मग त्यांच्या धाकट्या भावाने मस्कतहून येताना एक खोका आणला. त्यात होता आपोआप वर येणारा अँटेना. रेडिओचं बटण दाबलं की गाडीच्या मागच्या कोपऱ्यातून झूं करत एकात एक बसलेल्या चकचकीत नळ्या वर यायच्या. बंद केलं की तशाच आत. आत एक लहानशी मोटर आणि प्लॅस्टिकची दातेरी दोरी. मोटर दोरी ढकलते, दोरी नळ्या ढकलते, एवढंच त्याचं शास्त्र.

तो बसवला दादांनी. दादा कोळीवाड्यातले. वडिलांची खाडीत होडी होती, पण यांनी तरुणपणीच गाड्यांच्या वायरिंगचं काम शिकून घेतलं. सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीला टेकून त्यांची लाकडी पेटी आणि एक स्टूल असे. पाऊस आला की वर ताडपत्री. पन्नाशीचे, काळेसावळे, बोलताना डोळा बारीक करायची सवय. नौपाड्यातल्या निम्म्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या, पण डोक्यावर छप्पर नव्हतं.

ते छप्पर मिळण्याची वेळ आता आली होती. सोसायटीच्या तळमजल्यावरचा एक गाळा, ज्यात लाँड्री होती, तो दिवाळीनंतर रिकामा होणार होता. जानेवारीच्या पहिल्या रविवारी कमिटी बसून तो कुणाला भाड्याने द्यायचा ते ठरवणार होती. मागणारे दोघे होते: दादा, आणि झेरॉक्सचं दुकान काढू पाहणारे एक गृहस्थ. सेक्रेटरींचा शब्द कमिटीत चालायचा आणि सेक्रेटरी दादांच्या बाजूने होते. अँटेना बसवून झाल्यावर, बटण दाबून तो तीन वेळा वरखाली करून पाहिल्यावर, ते सगळ्यांदेखत म्हणाले होते, “दादा, ज्याचं काम असं, त्याने भिंतीला टेकून बसायचं म्हणजे सोसायटीला लाज आहे.”

पावसाळा संपला आणि अँटेना अडखळायला लागला. वर येताना अर्ध्यावर थबकायचा, मग विचार केल्यासारखा पुढे सरकायचा. सासऱ्यांनी एक छोटी वही घेतली आणि याला कोणतं तेल घालावं यावर लोकांची मतं लिहायला सुरुवात केली. दसऱ्याला आम्ही सोनं द्यायला गेलो तेव्हा ती वही माझ्यापुढे आली. शेजारच्या वहिनी: शिवणयंत्राचं तेल. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मोटरमन: ग्रीस, भरपूर. गणिताचे मास्तर: पेन्सिलीच्या शिशाची पूड. कंपाउंडर: व्हॅसलीन. सासूबाईंनीही सुचवलं होतं की रॉकेलने पुसून बघा, पण त्यांचं मत वहीत नव्हतं.

“माझं का नाही लिहिलंत?” त्या आतून म्हणाल्या.

“अगं, तू सगळ्याला रॉकेलच सांगतेस.”

“आणि सगळं रॉकेलने निघतंच.”

दादांना खालून बोलावलं होतं. ते दारातच उभे राहिले, चपला बाहेर काढून. म्हणाले, “साहेब, उघड्यावर सरकते त्या वस्तूला तेल लावलं ना, का धूळ जेवायला बसते. त्यात आपला यो खाडीचा वारा, खारा. दोन्ही मिळून खळ व्हते. तुमी काय बी लावू नका. वर काढा, कोरड्या फडक्यानं पुसा. लईच वाटलं तर पातळ तेलाचा एक थेंब, तो पन फडक्याला. आनि लगेच पुसून टाका.”

हे अगदी बरोबर होतं. माझ्या तक्त्यात मी हेच लिहिलं असतं. पण सासरे माझ्याकडे वळून, थोडे सरळ होऊन म्हणाले, “जावईबापू, तुमचा तर हा विषयच. तुमचं काय मत?”

दादा बरोबर आहेत, एवढंच म्हणायचं होतं. पण मग त्या खोलीत माझं काम काय राहिलं असतं? मी म्हणालो, “तसं ठीक आहे त्यांचं. पण या कामासाठी खास पातळ तेल असतं. स्पिंडल ऑइल. आमच्या कारखान्यात असतं. दिवाळीला येताना मी घेऊन येतो.”

सासऱ्यांनी वही मिटली. “झालं. विषय संपला.”

दादांनी डोळा बारीक करून माझ्याकडे पाहिलं. “आना की. आमी बी बगू,” म्हणाले आणि चपला घालून खाली गेले.

कारखान्यातून एक पाण्याचा थेंबही बाहेर न्यायचा तर गेटपास लागायचा आणि त्यावर साहेबांची सही. मी लहान बाटलीभर तेलाचा कागद करून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी विचारलं कशाला. मी म्हटलं, सासऱ्यांच्या गाडीला. त्यांनी कागद तसाच परत सरकवला आणि हातातल्या फाइलीत डोकं घातलं. टेबलाभोवती चौघेजण उभे होते. डोंबिवली स्टेशनाजवळ हार्डवेअरच्या दुकानात तसलंच तेल मिळालं असतं. पण मी ‘आमच्या कारखान्यातलं’ म्हणून बसलो होतो, आणि दुकानातली बाटली नेली की ते ‘आमचं’ उरणार नव्हतं. मी आज घेतो, उद्या घेतो करत राहिलो आणि दिवाळसणाला रिकाम्या हाताने सासरी गेलो. म्हणजे मिठाई होती, साडी होती. तेल नव्हतं.

नरक चतुर्दशीची पहाट. पाटाभोवती रांगोळी, समई, आणि पितळेच्या वाटीत कोमट केलेलं खोबरेल. सासूबाईंनी माझ्या दंडाला, पाठीला तेल लावलं, मग त्याच बोटांनी उटणं. बोटं पुन्हा वाटीत, पुन्हा उटण्यात. पहिल्या दिवाळीचा जावई म्हणजे त्या दिवशी घरातला देवच. इतकं कौतुक माझं माझ्या आईनेही केलं नव्हतं. मी डोळे मिटून बसलो होतो आणि तेवढ्यात बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला.

“जावईबापू, तेल आणलंत ना?”

“हो,” मी म्हणालो.

पाटावर बसून, अंगाला तेल माखलेलं असताना, कपाळाला कुंकू असताना मी हे खोटं बोललो. मला वाटलं होतं, फराळानंतर बघू, काहीतरी निघेल, तोवर बाहेर जाऊन एखादं दुकान उघडं आहे का पाहू. पण सासरे म्हणाले, “मग आंघोळ झाली की फराळाआधीच उरकू. सातच्या बातम्या गाडीत ऐकू.”

आंघोळ करून आलो तर वाटी पाटाशेजारीच होती. अर्धी भरलेली. कोमट, पातळ, पाण्यासारखं वाहणारं तेल. बाथरूमच्या फळीवर खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली होती. मी ती विसळली, पंच्याच्या टोकाने पुसली आणि वाटीतलं तेल तिच्यात ओतलं. हे करताना माझे हात थरथरत नव्हते, हे मला आजही आठवतं आणि आवडत नाही.

खाली सोसायटीतली बरीच मंडळी फटाके बघायला जमली होती. मी अँटेनाच्या नळ्या बोटांनी वर ओढल्या, बाटली तिरकी केली आणि तेल सोडलं. एक थेंब नव्हे, चांगली धार. तेलाला खोबरेलाचा आणि उटण्याचा वास येत होता, पण त्या दिवशी अख्ख्या सोसायटीलाच तो वास येत होता. कुणाच्या लक्षात येणार? सासऱ्यांनी बटण दाबलं. अँटेना एका दमात वर गेला. थबकला नाही, अडखळला नाही. मोटरमनकाकांनी टाळ्या वाजवल्या.

“बघा,” सासरे म्हणाले, “याला म्हणतात शास्त्र. नाहीतर तुमचं ग्रीस.”

वहीत नोंद झाली: स्पिंडल ऑइल, जावईबापू, उत्तम. मला त्यानंतर करंज्या गोड लागल्या नाहीत, असं लिहायला मला आवडलं असतं. पण लागल्या. मी पाच खाल्ल्या.

डिसेंबरच्या शेवटी थंडी पडली. ठाण्यापेक्षा आमच्याकडे, कल्याणच्या बाजूला, ती जास्तच. सासऱ्यांनी एका रविवारी सगळ्यांनी शहाडला, नदीकाठच्या देवळात जायचं ठरवलं. ते आणि सासूबाई भल्या सकाळी ठाण्याहून निघाले आणि आम्हाला घ्यायला डोंबिवलीला आले. आम्ही निघालो तेव्हा बायको म्हणाली, “थांबा हं, तेलाची बाटली उन्हात ठेवते. आल्यावर केसांना लावायचंय.” गॅलरीच्या कठड्यावर तिने खोबरेलाची बाटली ठेवली. आत तेल गोठून पांढरं झालं होतं. मी ते पाहिलं. दर थंडीत पाहतो तसंच पाहिलं आणि जिना उतरलो.

शहाडला पोचलो. नदीवरून गार वारा येत होता. गाडी लावायच्या आधी सासरे म्हणाले, “बातम्यांची वेळ झाली, ठळक तेवढ्या ऐकू,” आणि त्यांनी बटण दाबलं. झूं झालं. मग कर्रर्र. मग टक् असा एक आवाज आणि त्यानंतर नुसतीच मोटर फिरत राहिली, कशालाही न ढकलता.

आम्ही खाली उतरलो. अँटेना वीतभर वर येऊन उभा होता. नळीवर, जिथे एक नळी दुसरीत शिरते तिथे, पांढरट करडी साय जमली होती. त्या क्षणी मला गॅलरीतली बाटली दिसली, अगदी डोळ्यांसमोर. महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरात जन्मलेल्या माणसाला कळायला हवं होतं की खोबरेल थंडीत गोठतं. मला तर ते आणखी दोन प्रकारांनी कळायला हवं होतं: माझ्या धंद्यामुळे, आणि त्या सकाळच्या बाटलीमुळे.

“ते पांढरं काय आहे हो?” सासऱ्यांनी विचारलं.

“दव असेल, बाबा,” मी म्हणालो आणि खिशातला रुमाल काढून भराभर पुसून टाकलं.

त्यांनी नळी धरून हलवून पाहिली. मग म्हणाले, “दोरी तुटली. तेल तर तुम्ही इतकं उत्तम घातलं होतं. म्हणजे बसवतानाच तिरकं बसवलेलं असणार.” देवळात त्यांनी हात जोडले तेव्हाही त्यांच्या कपाळावर ती आठी होती. मी शेजारी उभा होतो. काय मागावं ते मला सुचेना.

दोन दिवसांनी कारखान्याला सुट्टी होती आणि मी काही सामान द्यायला नौपाड्यात गेलो. सासूबाईंनी चहा दिला. कप हातात घेतो न घेतो तोच सासऱ्यांनी खिडकीतून दादांना हाक मारली. दादा वर आले, पुन्हा दारातच उभे राहिले. सासऱ्यांनी काढून ठेवलेला अँटेना त्यांच्या हातात दिला आणि ते बोलू लागले. ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. बँकेतल्या आवाजात बोलले. भरवशाने काम दिलं होतं, परदेशातून आणलेली वस्तू होती, तिरकी बसवली, सांगायची तसदीही घेतली नाही, आणि आता गाळ्याच्या बाबतीत आपल्याला नीट विचार करावा लागेल.

दादा ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी अंगठा नळीवरून फिरवला, दोन बोटांत काहीतरी चोळलं आणि बोटं नाकाजवळ नेली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळा बारीक झाला नाही. नुसतं पाहिलं.

“व्हय साहेब,” ते म्हणाले. “माझंच जरा तिरकं झालं असंल.”

मी चहा पीत होतो. हाच तो चहा. मी कप खाली ठेवला नाही, उठलो नाही, एक शब्द बोललो नाही. एक माणूस दारात उभा राहून माझी चूक आपल्या अंगावर घेत होता, आणि मी चहा गार होऊ नये म्हणून घोट घेत होतो. साखर बरोबर होती.

ते खाली गेल्यावर मी काहीतरी निमित्त काढून त्यांच्या मागे गेलो. दादा स्टुलावर बसून अँटेनाच्या नळ्या एकेक करून वेगळ्या करत होते.

“खोबरेल ना, जावईबापू?” त्यांनी वर न बघता विचारलं.

“हो.”

“उटनं पन हाय. बगा, कचकच लागते.” त्यांनी माझ्या तळहातावर ती करडी पूड टेकवली. “दिवाळीचा वास हाय. मी म्हटलं, यो अँटेना आंघोळीला कवा बसला?”

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही येईल असं वाटलं. मी म्हणालो, “मग वर बोलला का नाहीत?”

“पहिल्या दिवाळीचा जावई तुमी. सासऱ्यासमोर तुमचं नाव घेऊ?” त्यांनी नळी फडक्याने पुसली. “मना बी जावई हाय, भाईंदरला. त्यानं एकदा माझ्या बॅटरीचे वायर उलटे लावले. मी चार मानसांत बोललू त्याला. चार महिने पोरगी आली नाय घरी. तवापासून जावयाचं काय बोलायचं नाय, असं ठरवलंय.”

“पण गाळा?”

“भिंत हाय की,” दादा म्हणाले. “भिंत कुठं जाते?”

मी डोंबिवलीला परतलो आणि दोन दिवस काहीही केलं नाही. रविवार जवळ येत होता. शुक्रवारी संध्याकाळी बायको धुवायच्या कपड्यांतला एक रुमाल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“अहो, या रुमालाला उटण्याचा वास कसा येतोय? आणि हा डाग कसला, तेलकट?”

मी तिला सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं. ती आधी इतकी हसली की पलंगावर बसली. “म्हणजे आईने तुम्हाला न्हाऊ घातलं आणि तुम्ही गाडीला?” मग गाळ्यापर्यंत आलो तेव्हा तिचं हसू थांबलं.

“बाबांना सांगा.”

“तू सांगतेस का? तुझं ऐकतील.”

“तेल मी लावलं का?”

“तसं नाही, पण…”

“रविवारी दहाला कमिटी बसते. साडेसहाला उठा. मी डबा करून देते, वाटेत खा, म्हणजे तिथे पोह्यांच्या बशीमागे लपता येणार नाही.” ती माझी नवी नवी बायको होती. पण तिने मला तेव्हाच पुरतं ओळखलं होतं.

रविवारी सासऱ्यांच्या हॉलमध्ये कमिटीचे पाच जण बसले होते: मोटरमनकाका, गणिताचे मास्तर, कंपाउंडर, शेजारच्या वहिनींचे यजमान आणि स्वतः सासरे. सासरे मला बघून सरळ झाले. “या, या जावईबापू. अचानक? बसा.”

“बसत नाही, बाबा,” मी म्हणालो. “आधी सांगतो.”

उभ्यानेच मी सांगितलं. वाटी, औषधाची बाटली, धार, शहाडची साय, रुमाल. दादांचा काहीही दोष नाही, त्यांनी सांगितलं होतं तेच बरोबर होतं, आणि त्यांनी ओळखूनही माझं नाव घेतलं नाही. कंपाउंडरच्या हातातला चमचा बशीच्या वर तसाच थांबला होता.

सासऱ्यांनी चष्मा काढला. “मग तुमच्या कारखान्यातलं तेल?”

“आणायला विसरलो,” मी म्हणालो.

त्यांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. मग म्हणाले, “तुम्ही कारखान्यात वंगणाचे तक्ते करता, नाही का?”

“हो.”

“मशीनना टांगता?”

“हो, बाबा.”

“आणि तो कारखाना अजून चालू आहे?”

मोटरमनकाका आधी हसले. मग मास्तर. मग सगळेच. कंपाउंडरला ठसका लागला आणि सासूबाई पाणी घेऊन आल्या, त्यांना कुणीतरी सांगितलं तर त्या म्हणाल्या, “तरीच! म्हटलं अर्धी वाटी तेल गेलं कुठे? मी मोलकरणीला बोलले हो उगाच.” म्हणजे त्या तेलापायी आणखी एका बाईने बोलणी खाल्ली होती. सासूबाई दुसऱ्या दिवशी तिची समजूत काढणार होत्या. मी अजून हिशेब लावतो आहे की त्या अर्ध्या वाटीने एकंदर कुणाकुणाला भिजवलं.

हसू ओसरलं तेव्हा सासरे मात्र हसत नव्हते. त्यांनी चष्मा लावला, खुंटीवरचा सदरा घातला, चपला घातल्या आणि “दोन मिनिटं” म्हणून खाली गेले. आम्ही सगळे खिडकीशी गेलो. ते भिंतीशी, त्या लाकडी पेटीसमोर उभे होते. दादा स्टुलावरून उठू लागले तर सासऱ्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं आणि स्वतः उभे राहून बोलले. काय बोलले ते वर ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की बोलून झाल्यावर त्यांनी हात जोडले, आणि दादांनी घाईघाईने त्यांचे जोडलेले हात आपल्या काळ्या, तेलकट हातांत धरून खाली केले.

वर येऊन सासरे म्हणाले, “गाळ्यासंबंधी कुणाचा आक्षेप?” कुणाचाच नव्हता. झेरॉक्सवाल्या गृहस्थांना पुढे शेजारच्या इमारतीत जागा मिळाली.

अँटेनाला दादांनी कुठूनतरी नवी दातेरी दोरी मिळवून घातली. त्यानंतर त्याला कोणतंही तेल लागलं नाही. दर रविवारी सासरे तो वर काढून कोरड्या फडक्याने पुसायचे. गाडी विकेपर्यंत तो चालला. वहीतली माझी नोंद त्यांनी खोडली नाही. तिच्याखाली फक्त लिहिलं, ‘कोरडं फडकं. दादा.’ आणि पुढच्या दिवाळीपासून अभ्यंग झाल्याबरोबर सासूबाई वाटी स्वतःच्या हाताने उचलून स्वयंपाकघरात नेऊ लागल्या.

मी त्या दिवशी ‘विसरलो’ म्हणालो. विसरलो नव्हतो. माझ्या साहेबांनी सही केली नव्हती आणि कारखान्यात माझा शब्द बाटलीभर तेलाइतकाही चालत नाही हे मला सासऱ्यांना कळू द्यायचं नव्हतं. सासरे आता नाहीत. ते गेले तेव्हाही त्यांच्या मते मी एक विसराळू जावई होतो. ते इथे दुरुस्त करतो.

गाळ्याचं उद्घाटन त्याच वर्षी गुढीपाडव्याला झालं. दाराला आंब्याचा टहाळा, आत नवी फळी, फळीवर तीच जुनी लाकडी पेटी. दादांच्या घरची सगळी मंडळी आलेली, भाईंदरचे जावईसुद्धा. नारळ फोडायला कुणाला बोलवायचं अशी कुजबुज चालली होती. सगळ्यांना वाटलं, सासऱ्यांना. पण दादांनी नारळ उचलला आणि गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आले.

“जावईबापू, तुमी फोडा,” ते म्हणाले आणि डोळा बारीक केला. “फोडा, पन तेल काढू नका.”

सासरे इतके हसले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. मी नारळ फोडला. पहिल्याच घावात फुटला, पाणी उंबऱ्यावर उडालं. मग दादांनी मला आत नेलं, त्यांच्या एकुलत्या एक स्टुलावर बसायला सांगितलं आणि माझ्या हातात चहाचा कप दिला. मी स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. ते नको नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. शेवटी ते आपल्या दुकानात, आपल्या स्टुलावर बसले. तो चहा मी उभा राहून घेतला.